सेलिमरावांची निकाली कुस्ती

श्रमाला देश नसतो, धर्म नसतो, भाषा नसते. घामाचा रंग जगभर एकच. नोकरीत असताना हे मी दर कामगार दिनाला माइकवरून सांगत असे. मांडवातले कामगार टाळ्याही वाजवत, कारण भाषणानंतर जिलेबी असे. निवृत्तीनंतर निवांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले, की वाक्य खोटे नाही, फक्त अपुरे आहे. श्रमाला देश नसतो, तालुका असतो.

मी मूळचा कन्हेरीचा, म्हणजे बारामती तालुक्यातला. नोकरी केली इंदापूर तालुक्यात, फळांवर प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीत, कार्मिक अधिकारी म्हणून. (आमच्या भागात कारखाना म्हटले की साखरेचाच, बाकी सगळ्या कंपन्या.) घरापासून मोटारसायकलने जाण्याइतके अंतर. पण रुजू झालो त्याच आठवड्यात शेजारच्या गावातून शिष्टमंडळ आले. पुढारी होते तात्या. त्यांची काही जमीन कंपनीत गेली होती आणि उरलेल्या जमिनीतून ते कंपनीवर नजर ठेवून असत. खुर्चीत टेकता टेकताच ते म्हणाले, "परप्रांतीय भरती बंद करा. सुरुवात तुमच्यापासनं करा."

"तात्या, मी बारामतीचा."

"त्येच म्हणतोय मी."

पुढे आमची चांगली मैत्री झाली, पण ते मला शेवटपर्यंत 'कन्हेरीकर' म्हणूनच हाक मारत. एखाद्याने 'ब्रिटिश सरकार' म्हणावे, तसे.

कार्मिक अधिकारी काय करतो, हे माझ्या घरातही कुणाला नीट सांगता आले नाही. मालकाला वाटते हा कामगारांना फितूर आहे, कामगारांना वाटते हा मालकाचा कान आहे, आणि दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते. खरे काम एवढेच, की कोणत्या कामाला कुठला माणूस टिकतो ते ओळखायचे आणि तो पळून जाणार नाही हे बघायचे. आमचा पट्टा यासाठी मोठा शिकवणारा. ऊस तोडायला बीडकडच्या टोळ्या, गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातले गुळवे, फरशी बसवायला राजस्थानी, ढाब्यावर नेपाळी. आमच्या कंपनीत क्रेट उचलायला बिहारचे आणि ओडिशाचे, डाळिंबाचे दाणे निवडायला आसपासच्या गावांतल्या बायका. इथल्या पोरांना मात्र सुपरवायझर व्हायचे असे. कशाचा, असे विचारले की म्हणत, "ते तुमी ठरवा."

परदेशी माणूस या सगळ्यांहून वेगळा. तो भरतीतून येत नाही, यंत्राबरोबर येतो. यंत्र खोक्यातून, माणूस विमानातून. तो यंत्र उभे करतो, इथल्या दोघा-तिघांना शिकवतो, यांना जमते असा शेरा देतो आणि जातो. तोवर त्याचे जेवण, पोलिसातली नोंद, बिघडलेले पोट आणि घरची आठवण हे सगळे कार्मिक खात्याकडे. एक डच गृहस्थ कंपनीची गाडी सोडून सायकलवर कामाला येत. पाहुण्याला साधी गाडी देत नाहीत म्हणून गावात आमची अब्रू गेली. एका कोरियन इंजिनियरला आमचा ठेचा सपक लागला. कँटीनमध्ये कितीतरी दिवस सुतक असल्यासारखी शांतता होती.

पण सेलिमरावांची सर कुणाला आली नाही.

सेलिम तुर्कस्तानातला. डाळिंब फोडून दाणे आणि साल वेगळे करणारे यंत्र आम्ही तिकडून आणले, त्याच्याबरोबर आला. पन्नाशीचा, मान अशी की ती कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो हे सांगता येऊ नये, मिशा भरघोस. गावाने आल्या दिवशीच त्याला 'राव' लावून टाकले. इंग्रजी त्याला तीन शब्दांपुरते येई: गुड, नो गुड आणि टी. बाकीचे तो मोबाइलमध्ये बोले आणि मोबाइल आम्हाला मराठीत सांगे. मराठी बरे होते, पण "कृपया हा नट आवळण्याची कृपा करावी" असे ऐकून फिटर लाजत.

सुरुवातीला सगळ्यांनी आमचे कँटीनवाले शकूरभाई यांना पुढे केले.

"शकूरभाई, तुमच्यातलाच हाय. बोला की त्याच्यासंगं."

"आमच्यातला कुठला?" शकूरभाई चिडले. "मी निमगावचा. आजवर टेंभुर्णीच्या पलीकडं गेलो न्हाय. मला काय ठावं तुर्की?"

तरी जमले दोघांचे. चहा आणि मटण या दोन विषयांना दुभाषा लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. यंत्रावर कायम ऑपरेटरची एकच जागा होती आणि उमेदवार दोन. एक बिहारचा राजेश, कमी बोलणारा, हात चलाख. दुसरा बाळू, तात्यांचा पुतण्या, गावचा पैलवान, ठेकेदाराकडे क्रेट उचलायला होता. चाचणी सेलिम घेणार आणि त्याचा शब्द अखेरचा. बाळूच्या दृष्टीने ही नुसती नोकरी नव्हती. कऱ्हाटीची एक मुलगी त्याला पसंत होती, मुलीलाही तो पसंत होता, पण तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता: पैलवानकी बघितली, आता कायम झाल्याचं तेवढं कळवा. चाचणी सोमवारी होती. आणि रविवारी गावची यात्रा.

तात्या फेटा बांधूनच आमंत्रण द्यायला आले. "सेलिमरावांना फडात घिऊन या. कुस्त्या बघू द्या त्यान्ला. विमानातला पाहुणा आपल्या यात्रेला पयल्यांदाच."

परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षकाला खूश करण्याचा हा डाव मला दिसत होता. पण पाहुण्याला यात्रेला नेऊ नये असा नियम मला सापडला नाही, आणि मलाही कुस्त्या बघायच्या होत्या.

फड म्हणजे कुस्तीसाठी नांगरून भुसभुशीत केलेले रान. भोवती गोल करून माणसे बसलेली, हलगी कडाडतेय, आणि निवेदक माइकवर असा सुटलेला की श्वास घेण्यासाठी त्याने माणूस ठेवला असावा. सेलिमरावांना गुलाबी फेटा बांधून पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवले. समोर बाळू लंगोट लावून उभा होता. त्याच्याशी लढायला नेमलेला पैलवान आलाच नव्हता, त्यामुळे त्याचे तोंड उतरले होते.

निवेदकाने पुकारले, "तुर्कस्तानहून खास आपल्या यात्रेसाठी आलेले माननीय सेलिमराव!" ते यंत्रासाठी आले होते, पण यात्रेत अशी दुरुस्ती कोणी करत नाही. टाळ्या झाल्या. सेलिम उठला, हसला, आणि सरळ फडात उतरला. दोन्ही हात वर करून सगळ्या बाजूंच्या लोकांना अभिवादन करत त्याने फडाला एक पूर्ण फेरी मारली.

वाचकांपैकी जे शहरातले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे फडात हात वर करून फेरी मारणे म्हणजे 'माझ्याशी लढणारा कोणी आहे का' असे विचारणे. हलगीवाल्याचा हात हवेत थांबला. सेलिमला बाळू दिसला, ओळखीचा चेहरा म्हणून आनंद झाला, त्याने जाऊन बाळूशी हस्तांदोलन केले. झाले. हात मिळाला की जोड ठरली. तरीही एखाद्या समजूतदार पंचाने सांभाळून घेतले असते. पण सेलिमला मातीचा रंग आवडला. तो वाकला, चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, आणि कौतुकाने बाळूच्या खांद्यावर टाकली.

"जोड ठरली!" निवेदक किंचाळला. "भारत विरुद्ध तुर्कस्तान! निकाली कुस्ती!"

निकाली म्हणजे एकजण चितपट होईपर्यंत. बरोबरीत सोडवायची नाही.

मी चपला हातात घेऊन फडात धावलो. "तात्या, थांबवा! त्यांना माहीत नाही त्यांनी काय केलं!"

"हात दिला का न्हाय?"

"दिला, पण..."

"माती टाकली का न्हाय?"

"तात्या, उद्या चाचणी आहे! तुमच्या पुतण्याची!"

तात्या म्हणाले, "कन्हेरीकर, ह्यो फड हाय. हितं उद्या नसतोय."

एवढ्यात सेलिमच्या डोक्यात प्रकाश पडला. मला वाटले, आता हा पळेल. तो बूट काढू लागला. शर्ट काढला, फेटा तेवढा मोठ्या आदराने माझ्या हातात दिला. मग तोंडाने काहीतरी सांगत दोन्ही हातांनी अंगावर ओतल्याची खूण करू लागला. मोबाइल काढून बघितला, पण हलगीपुढे मोबाइल काय ऐकणार? शेवटी शकूरभाईंना समजले. यात्रेत भज्यांचा स्टॉल त्यांचाच होता.

"तेल मागतोय. त्यांच्यात अंगाला तेल ओतूनच खेळत्यात. मटण खाताना हातानं करून दाखवलं व्हतं मला. मला वाटलं, मटणाला तर्री कमी झाली म्हणतोय."

पंच जमले. "तेल लावल्याला माणूस धरायचा कुठनं?" एका पंचाचा प्रश्न रास्त होता. दुसरा म्हणाला, पाहुण्याची इच्छा मोडू नये. तात्यांनी निर्णय दिला, "लावू द्या. आपला बाळ्या तळल्यालाबी धरतोय." शेंगदाणा तेलाचा डबा आला आणि टाळ्यांच्या गजरात तुर्कस्तानवर रिकामा झाला.

एव्हाना फडाची आपोआप वाटणी झाली होती. गाव बाळूच्या बाजूला. समोर बिहारची आणि ओडिशाची पोरे, ढाब्यावरचे नेपाळी, सेलिमरावांच्या बाजूला. बाहेरच्याने बाहेरच्याची बाजू घ्यायची, इतके सरळ. त्यांच्यामध्ये राजेशही होता. आणि यात्रेला आलेले बारामतीचे वीसेकजण, इंदापूरवाला पडलेला बघायचा या एकाच राष्ट्रीय भावनेने, तुर्कस्तानच्या नावाने घोषणा देत होते. एकाने मला हाक मारली, "साहेब, हिकडं या की! तुमी आपल्यातले!" मी हातात फेटा घेऊन मधोमध उभा राहिलो. माझी सगळी नोकरी तशीच गेली.

बाळू सलामी द्यायच्या आधी माझ्याजवळ आला.

"साहेब, काय करू? ह्येला पाडला तर उद्या नापास करंल. पडलो तर गावात तोंड कुठं दाखवू? कऱ्हाटीची माणसंबी आल्यात, त्या तिकडं बसल्यात."

कार्मिक अधिकाऱ्याला अशा वेळी काय बोलायचे ते पाठ असते. मी म्हणालो, "नियमानुसार कर."

"नियमानुसार म्हंजे पाडायचंच की, साहेब!" असे रडवेल्या आवाजात म्हणून तो गेला.

कुस्ती कशी झाली ते सांगणे अवघड आहे, कारण ती झाली असे म्हणण्यापेक्षा ती सांडली. बाळूने पट काढला, म्हणजे पाय ओढला. पाय हातातून निसटला आणि बाळू मागच्या मागे बसला. सेलिमने त्याची मान धरली. पण तोवर बाळूलाही तेल लागले होते, मान सुटली. दोघे एकमेकांकडे जोराने येत आणि एकमेकांवरून पुढे जात. तेलात माती कालवली गेली आणि थोड्या वेळात कोण कुठल्या देशाचा हे मिशांवरून ओळखायचे राहिले. निवेदक म्हणत होता, "असा डाव महाराष्ट्राने पाहिला नाही!" हे मात्र खरे होते. कऱ्हाटीचे होणारे सासरे हसता हसता शेजाऱ्याच्या मांडीवर आडवे झाले होते.

मग सेलिमला बाळूची कंबर सापडली. त्याने एक आरोळी दिली, बाळूला पोत्यासारखा उचलला, छातीशी धरून काही पावले चालला, आणि हळूच, अंडी ठेवावीत तसा, पायांवर उभा केला. मग पाठ फिरवून, हात उंचावून तो लोकांना सलाम करू लागला. बिहार, ओडिशा, नेपाळ आणि बारामती नाचू लागले.

बाळू गोंधळून उभा होता. त्याची पाठ मातीला लागलीच नव्हती. कुस्ती चालू होती, आणि प्रतिस्पर्धी पाठ करून टाटा करत होता. तात्या ओरडले, "बाळ्या, बघतोस काय!" बाळूने मागून मिठी मारली, पायात पाय घातला, आणि सेलिमराव असे पडले की पहिल्या रांगेला माती लागली. दोन्ही खांदे जमिनीला. चितपट. हलगी फुटायची बाकी राहिली.

खुलासा नंतर शकूरभाईंच्या स्टॉलमागे मोबाइलने केला. सेलिमच्या गावाकडे प्रतिस्पर्ध्याला उचलून काही पावले चालले की कुस्ती संपते. त्यामुळे तो जिंकला होता. नंतर त्या पोराने मागून मिठी मारली, ते त्याच्या मते अभिनंदन होते, जरा जास्त प्रेमाचे. आणि बाळू तर आमच्या नियमाने जिंकलाच होता. गावाने बाळूला खांद्यावर घेतले, बाहेरच्यांनी सेलिमला, आणि दोन्ही मिरवणुका देवळापाशी एकमेकींना भेटल्या. दोघांनी वरच्या वर एकमेकांचे गाल थोपटले. प्रत्येकाला वाटत होते, आपण हरलेल्याची समजूत घालतो आहोत.

आता हे असेच राहू देणे एवढेच माझे काम उरले. सेलिमला खरे कळले तर सोमवारी बाळूचे काय होईल, सांगता येत नव्हते. तेवढ्यात तात्या शाल घेऊन सेलिमपुढे आले. मोबाइलकडे बोट करून मला म्हणाले, "ह्यात सांगा त्यान्ला, हारजीत चालायचीच, मनाला लावून घिऊ नका म्हणावं." मी मोबाइल हातात घेतला, इंटरनेट बंद केले, आणि म्हणालो, "रेंज नाही." औद्योगिक शांतता राखण्याचे मी जे जे उपाय नोकरीत केले, त्यांत हा सर्वांत परिणामकारक ठरला.

सोमवारी सकाळी सेलिम आला तो मान धरून. आदल्या दिवशीच्या 'अभिनंदना'ने मान अशी अवघडली होती की डावीकडे वळतच नव्हती. शकूरभाईंनी गरम मिठाची पुरचुंडी बांधून दिली होती. ती खांद्यावर घेऊन तो यंत्रापुढे उभा राहिला. विजेत्याच्या उदारपणाने त्याने बाळूला खूण केली: चालव.

बाळूने देवाचे नाव घेऊन यंत्र सुरू केले. यंत्राच्या उजव्या बाजूने डाळिंबे आत जातात, फुटतात. डाव्या बाजूला पाण्याचा व्हॉल्व्ह असतो, तो उघडला की सालीचे तुकडे वाहून वेगळे होतात. बाळूने उजवीकडचे सगळे बरोबर केले. व्हॉल्व्ह उघडायचे विसरला. मी पाहत होतो. डावीकडच्या टाकीत साल आणि दाणे एकत्र साचत चालले होते. सेलिम उजवीकडे बघून मान डोलवायचा प्रयत्न करत होता, कारण दुसरीकडे त्याला बघताच येत नव्हते. बोलावे की गप्प राहावे, या विचारात मी होतो. तेवढ्यात डाव्या बाजूला आपल्या पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या राजेशने हात लांब केला आणि व्हॉल्व्ह उघडला.

"गुड," सेलिम म्हणाला. मग राजेशनेही चालवून दाखवले, तेही गुड. पण सेलिमने बाळूकडे बोट दाखवले. त्याने मोबाइलमध्ये सांगितलेले कारण मोबाइलने मोठ्याने वाचले: "हा मुलगा पराभव आनंदाने स्वीकारतो. असा मनुष्य यंत्रावर रागावत नाही." बाळू माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "भाषांतर चुकतं कधी कधी."

राजेशला मी बाजूला घेऊन विचारले, "अरे, तू गप्प राहिला असतास तर जागा तुझी होती."

तो म्हणाला, "साहेब, साल दाण्यात गेली असती तर टाकी साफ कोण करणार? मीच ना."

त्याला कायम व्हायला पुढे दुसरे यंत्र यावे लागले. ते लवकर आले नाही. या गोष्टीत मला सलणारी जागा आहे ती एवढीच, आणि कामगार दिनाच्या भाषणात ती मला कधी घालता आली नाही.

बाळूचे लग्न झाले. सेलिम परत गेला. त्याच्या गावच्या चहाच्या दुकानात गुलाबी फेट्यातला त्याचा फोटो लावलाय आणि खाली भारतातल्या विजयाचा उल्लेख आहे, असे त्यानेच कळवले. आमच्या चौकात वर्षभर बाळूचा फ्लेक्स होता: 'आंतरराष्ट्रीय कुस्तीविजेते'. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्ही गावांत मोठे अंतर आहे, हे बरे आहे.

पुढच्या वर्षी यात्रेत त्या विजयाचा सोहळा ठरला. पुढारी आले, तुतारी झाली, निवेदकाने या कुस्तीने भारताचे नाव साता समुद्रापार नेले असे सांगितले, आणि बाळूला चांदीच्या पत्र्याने मढवलेली गदा जाहीर झाली. बाळू हजर नव्हता. डाळिंबाची आवक तुंबली होती, त्याची दुसरी पाळी होती, आणि त्याच्या रजेचा अर्ज मीच नामंजूर केला होता. कायम कामगाराला हंगामात रजा देता येत नाही. गदा त्याच्या आईने घेतली.

परवा बाळूकडे चहाला गेलो होतो. गदा दाराशी असते. त्यांचे दार वाऱ्याने आपटते, ते गदा धरून ठेवते.